धुऱ्याची वही: बांधावरचा निसर्ग वर्षभर कसा पाहावा, रेखाटावा आणि राखावा

आमच्या अहमदपूर भागात पाहुणा आला आणि ‘रान दाखवा’ म्हणाला, तर मी त्याला धुऱ्यावर नेतो. लातूर जिल्ह्यात वनाखालची जमीन एक टक्कासुद्धा नाही. पण दोन वावरांच्या मधली ती सहा-सात फुटांची न नांगरलेली पट्टी, जिच्यावर एक बाभूळ, दोन बोरी, तरवड, रुई आणि गुडघाभर कुसळ उभं असतं, तिथं गेली नऊ वर्षं माझी वही भरते आहे. जे जंगलात नाही उरलं ते आपल्याकडं धुऱ्यावर येऊन राहिलंय. आणि हा धुराही दरवर्षी वीतभर कोरला जातोय, कुठं पेटवला जातोय, कुठं सोयाबीनबरोबर त्याच्यावरही तणनाशक मारलं जातंय.

वही कशी ठेवायची ते इथं सविस्तर सांगतो. मी मोजणं आणि चित्र काढणं एकाच पानावर करतो. काढायला बसलो की डोळा थांबतो, मोजलं की मागच्या वर्षीशी ताडून बघता येतं. राखायचं काय, हे मला याच पानांवरून कळलं.

जागा: शंभर पावलं पुरेत

सुरुवात येळवशीला करा. मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव वावरात असतं, कडब्याच्या कोपीत पांडव पुजले जातात, आंबिल-भज्जी होते आणि म्हातारी माणसं दुपारी निवांत सापडतात. झाडाझुडपांची जुनी नावं विचारायला याहून चांगला दिवस नाही.

धुऱ्याची शंभर पावलं मोजा आणि वर्षभर तेवढ्यावरच राहा. मी पहिल्या वर्षी अख्खं शिवार धरलं होतं, तीन महिन्यांत वही बंद पडली. जागेत एखादं मोठं झाड असावं, काटेरी झुडूप असावं, गवत असावं, आणि जवळून नाली किंवा ओढा जात असेल तर उत्तमच. धुरा दोघांचा असतो, म्हणून शेजाऱ्याला आधी सांगा. ‘तात्या, मी इथं बसून चिमण्या-पाखरं लिहीत असतो’ एवढं म्हटलं तरी पुरतं. न सांगता वही-पेन्सिल घेऊन बांधावर उभं राहिलात तर मोजणी लावली की काय, असं वाटून नसती भानगड होते.

शहरात राहणाऱ्यांनी लातूर, परभणी, नांदेडच्या कॉलनीतला मोकळा प्लॉट, कॉलेजचं आवार किंवा जुनी बारव निवडावी. बारवेच्या दगडांच्या फटीत पारवे, वटवाघळं, नेचे, सरडे असं एक वेगळंच गाव असतं.

सामान

कोऱ्या पानांची जाड वही, एचबी आणि टूबी अशा दोन पेन्सिली, सहा इंची पट्टी, दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग. दुर्बीण असली तर ८ बाय ४० किंवा ८ बाय ४२ ची, नसली तर पहिलं वर्ष काही अडत नाही. खोडरबर घरी ठेवा. चुकलेली रेघ राहू द्या, बरोबर रेघ तिच्याशेजारी काढा.

पायात बूट हवेतच. गवतात हात घालण्याआधी काठीने हलवा आणि कडब्याच्या गंजीला टेकून बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडं आहेत. कुणाला दंश झालाच तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिकाकडं नेणं यातलं काही न करता माणसाला हलू-चालू न देता थेट सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात न्या.

पहिल्या दिवशी फक्त नकाशा

दोन पानं आडवी जोडून शंभर पावलांची एक लांब पट्टी काढा. दहा पावलांना एक इंच धरा. मग चालत जा आणि प्रत्येक झाड, झुडूप, वारूळ, दगडाचा ढीग, बीळ पावलाच्या आकड्यासकट मांडा. नाव माहीत नसेल तर ‘झु-४’, ‘ग-२’ असा क्रमांक द्या. नावाच्या मागे लागून पहिला दिवस घालवू नका. उत्तर दिशा दाखवा, सावली सकाळी कुठं पडते ते लिहा. हा नकाशा वर्षभर लागणार आहे, म्हणून शाईने गिरवा.

दोन रकाने: ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’

या वहीचा सगळा जीव या दोन रकान्यांत आहे, म्हणून इथं थोडं थांबतो.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात चांगला. वर तारीख, वेळ, नक्षत्र, वारा, ढग लिहा. मग एकाच जागी पंधरा मिनिटं बसा आणि जे येईल ते मोजा. त्यानंतर शंभर पावलं सावकाश चाला. प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारून डाव्या बाजूला ‘दिसलं’, उजव्या बाजूला ‘वाटलं’ असं लिहा.

समजा, बाभळीच्या काट्याला टोळ टोचलेला आहे. डावीकडं लिहायचं: ‘टोळ १, काट्यात आरपार, डोकं नाही, जमिनीपासून साडेचार फूट.’ उजवीकडं: ‘खाटकाने टोचला असावा.’ खाटीक पक्षी शिकार काट्याला अडकवून ठेवतो, त्यावरूनच त्याला हे नाव पडलंय. तरी तुम्ही त्याला टोचताना पाहिलं नसेल तर ती गोष्ट उजवीकडंच राहिली पाहिजे. पुढं कधी प्रत्यक्ष दिसलं तर बाण काढून डावीकडं आणा. हा बाण काढताना जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

उजव्या रकान्यात लोकांचं म्हणणंही मनापासून लिहा. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, खोलगट जागी घातली तर कमी, असं माझी आजी सांगायची. हे खरं की खोटं यावर पारावर वाद घालण्यापेक्षा मोजता येतं. टिटवी उन्हाळ्यात जमिनीवरच, बहुधा चार अंडी घालते. लांबूनच जागा बघा, ओढ्याच्या पातळीपेक्षा ती अंदाजे किती उंच आहे ते लिहा, आणि त्या वर्षीचा पाऊस पुढं मांडा. माझ्याकडं सहा वर्षांच्या जोड्या आहेत. दोन्ही बाजूंनी काही म्हणण्याइतक्या त्या अजून नाहीत, आणि हे असं थांबून राहता येणं मला शास्त्राने शिकवलं.

काहीच दिसलं नाही तर ‘काही नाही’ असंही लिहा. रिकामा आठवडा कोरा सोडला तर वर्षअखेरीस तुम्ही गेला नव्हता की पाखरू नव्हतं, हे कळायला मार्ग उरत नाही.

झाडांसाठी एक सोपी पद्धत आहे. दोन-तीन झाडं ठरवून टाका आणि दर आठवड्याला कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं यांच्यापुढं ०, १ किंवा २ लिहा: नाही, थोडं, भरपूर. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातली शाळकरी मुलंही झाडांची अशीच आठवड्याची नोंद ठेवतात. दोन वर्षांत तुमच्या कडुनिंबाचा मोहोर कोणत्या आठवड्यात येतो ते बोटावर सांगता येईल.

काढायला शिका, चित्रकार नसलात तरी

‘मला चित्र येत नाही’ हे मी शंभरदा ऐकलंय. धुऱ्यावरचं चित्र भिंतीवर टांगायचं नसतं. ते पाहण्याचं काम आहे.

पानापासून सुरुवात करा, कारण पान पळत नाही. बाभळीची एक काडी घ्या. मधला देठ आधी काढा, मग त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या उपदेठांच्या जोड्या मोजून काढा, मग एकाच उपदेठावरच्या बारीक पानांच्या जोड्या मोजा. सगळी पानं भरत बसू नका, एक उपदेठ पूर्ण करा आणि बाकीच्यांवर आकडा लिहा. आता शेजारच्या हिवराची काडी अशीच काढा. लहानपणापासून ‘काटेरी झाड’ म्हणून एकात टाकलेली ही दोन झाडं कागदावर वेगळी होताना दिसतील. हिवराची साल फिकट, पिवळसर; बाभळीची काळपट, उभ्या भेगांची. हे मला चाळिशीत, पेन्सिल हातात घेतल्यावर दिसलं.

पक्ष्यासाठी रीत वेगळी. आधी पाठीची एक रेघ काढा, तो उभा बसतो की आडवा ते त्या रेघेतच येतं. मग डोकं शरीराच्या किती पट, शेपूट पंखाच्या किती बाहेर, चोच डोक्याच्या मानाने केवढी. पिसं काढू नका. वेडा राघू तारेवरून झेप घेऊन पुन्हा त्याच जागी येतो, म्हणून दोन मिनिटांत पाच अर्धवट रेघा मिळतात, पाचही ठेवा. कोतवालाची दुभंगलेली शेपूट, हुदहुद्याचा मिटलेला आणि उघडलेला तुरा, नीलपंख उडाला की पंखात उजळणारा निळा पट्टा, हे शब्दांत लिहा आणि बाण दाखवा.

किडा किंवा फूल काढताना शेजारी पट्टी धरून मिलिमीटरमध्ये माप लिहा. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि वस्तू भिंगाकडं आणायची; उलट केलं तर काही दिसत नाही.

शंभर-दीडशे चित्रं झाली की एकदा अजिंठ्याला जा, वही घेऊन. सोमवारी लेणी बंद असतात. आपण सगळे पहिल्या लेण्यात पद्मपाणीचं चित्र बघून पुढं जातो. तिथंच एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोकं एकच आहे. प्रत्येक धड वेगळ्या पवित्र्यात, आणि तेच डोकं चौघांना शोभतं. हरणाची मान कशी वळते, बसलेलं हरीण पाय कसे मुडपतं हे ज्याने दिवसचे दिवस पाहिलं, त्यालाच हे जमणार. दुसऱ्या लेण्यातली हंसांची पट्टी बघा: एकाची मान दुसऱ्यासारखी नाही. छतांवर कमळं आहेत, फळं आहेत, वेली आहेत. तिथं उभं राहून फक्त एक हंस उतरवा. धुऱ्यावर बगळा काढून गेलेल्या हाताला त्या चित्रकाराची रेघ लगेच ओळखू येते.

अजिंठ्याचे बहुतेक रंगही जमिनीतलेच. तांबडी आणि पिवळी काव, हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुना, काळ्यासाठी काजळी. निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, तो दुरून आणलेला. आपल्यालाही धुऱ्यावरच्या मातीचा रंग करता येतो. माती खलून बारीक करा, पेलाभर पाण्यात ढवळा, दहा-पंधरा सेकंद थांबा म्हणजे वाळू खाली बसते, आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. रात्रभरात गाळ बसला की वरचं नितळ पाणी टाकून गाळ वाळवा. बाभळीचा डिंक दुप्पट कोमट पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा, त्यात दोन थेंब मध घाला, आणि या पाण्यात मातीची पूड घोटा. डिंकाच्या पाण्यात एक लवंग टाकली तर बुरशी लवकर धरत नाही.

काळ्या मातीचा रंग जाड लावला तर वाळताना तडकतो. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्याच कारणाने: या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. म्हणून हा रंग पातळ, दोन-तीन हातांत द्या.

वर्षाचा फेरा

*येळवस ते शिमगा.* ज्वारी निसवली की भोरड्यांचे थवे येतात. गोफण फिरवण्याआधी एक मिनिट थव्याचा आकार काढा. एकेक पक्षी मोजता येत नाही. दहांचा एक पुंजका डोळ्यांत धरा आणि तसे किती पुंजके आहेत ते मोजा. हे पाहुणे युरोपच्या पूर्वेकडून आणि मध्य आशियातून येतात आणि उन्हं तापू लागली की परततात. माळावर जमिनीलगत तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षीही हिवाळ्याचाच. या दिवसांत एकदा पैठणला नाथसागरावर जाऊन या. जायकवाडी जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि उथळ पाण्यावर बदकं, चक्रवाक, कधी रोहित (फ्लेमिंगो) दिसतात. माघ-फाल्गुनात पळस फुलला की त्याच्यापुढं अर्धा तास बसा आणि फुलावर कोण कोण येतं ते लिहा.

*चैत्र-वैशाख.* आता जमिनीच्या भेगा काढा. काडी घालून खोली मोजा, रुंदी मोजा. सावलीत आणि उन्हात वेगळी येते का ते बघा. पावशाचं ‘पेरते व्हा’ पहिल्यांदा कधी ऐकलं त्याला गोल करा.

*मृग ते हस्त.* वहीतला सगळ्यात दाटीचा काळ. पहिल्या चांगल्या पावसानंतर मखमली तांबडा मृगाचा किडा निघतो. त्याला हातात न चिरडता भिंगाखाली पाय मोजा. आठ भरतील. म्हणजे तो ‘किडा’ नाही, कोळ्याच्या नात्यातला आहे, आणि वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो. याच दिवसांत आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांबरोबर चातक येतो. त्याची नजर सातभाईंच्या घरट्यावर असते, कारण अंडी तिथं घालायची असतात.

पाऊस घरी मोजा. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा. शेजारचं झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट लांब. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर लिहा आणि डबा रिता करा. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तर हवामान खातं तो पावसाचा दिवस धरतं. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. पंचवीस मिलिमीटर पाऊस एका एकरावर साधारण एक लाख लिटर पाणी टाकतो. हा हिशोब मुलांकडून करून घ्या, डोळे मोठे होतात.

श्रावण-भाद्रपदात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागतात. विणतो तो नर. अर्धा खोपा झाला की मादी येऊन बघते, पसंत पडला तरच पुढचा बोगदा पुरा होतो. पुरे किती, अर्धवट सोडलेले किती, आणि झाडाच्या कोणत्या दिशेला जास्त आहेत ते मोबाइलमधल्या होकायंत्राने लिहा. रुईच्या पानामागं काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडली तर रोज तिची लांबी मोजा. कोषातून फुलपाखरू निघेपर्यंत पाच-सहा पानं भरतील. रुईचा चीक मात्र डोळ्यात जाऊ देऊ नका.

*दसरा ते येळवस.* गवत वाळतं, बी पडतं. कुसळाचं एक बी ओल्या तळहातावर ठेवा आणि त्याचा पिळलेला केस कसा उलगडत फिरतो ते बघा. तसंच ते स्वतःला जमिनीत रोवून घेतं.

नावं कुठून मिळवायची

आधी माणसांना विचारा. ‘आजी, ही भाजी कोणती?’ म्हटलं की तांदुळजा, घोळ, पाथरी, तरोटा, करटुलं अशी यादी सुरू होते, आणि कोणती कधी कोवळी खायची तेही कळतं. मेंढपाळाला गवतं विचारा. मारवेल, कुंदा, हराळी, लव्हाळा तो चालता चालता दाखवतो, आणि कोणतं गवत मेंढरू आधी तोडतं हे कुठल्याही पुस्तकाआधी त्याला ठाऊक असतं. सांगणाऱ्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर, नोंदीपुढं लिहा. ती त्याची विद्या आहे.

मग फोटो ‘आयनॅचरलिस्ट’वर टाका, पक्ष्यांच्या याद्या ‘ईबर्ड’वर. जाणकार तपासून देतात. घरट्याचं, खोकडाच्या बिळाचं, लांडग्याच्या जागेचं नेमकं ठिकाण उघड करू नका. ठिकाण अस्पष्ट ठेवायची सोय असते, ती वापरा. घरट्याजवळ जाऊन फोटो काढणं तर सोडूनच द्या. आई उडाली की कावळा बघत असतो.

राखण

आमच्या धुऱ्याचा पूर्वेकडचा तुकडा एका उन्हाळ्यात मशीन लावून सपाट झाला. मी बाहेरगावी होतो. तीन बोरी आणि एक वारूळ गेलं. त्या वर्षी माझ्याकडं आधीच्या दोन वर्षांची वही होती. ती मी घरी सगळ्यांपुढं उघडली, आणि ‘तिथं काय होतं?’ या प्रश्नाला पहिल्यांदा माझ्याकडं उत्तर होतं. उरलेला धुरा तेव्हापासून कुणी हलवला नाही.

धुरा पेटवू नका. पेटवायचाच हट्ट असेल शेजाऱ्याचा, तर निदान अर्धाच आणि एक वर्षाआड, अशी विनवणी करा. गवत कापायचं तर एका वर्षी एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी. तणनाशकाचा पंप धुऱ्यापासून चार फूट आधी बंद करा. फरक पटवायला एक मीटर लांब-रुंद दोरीची चौकट करा, फवारलेल्या आणि न फवारलेल्या धुऱ्यावर पाच-पाच ठिकाणी टाका, आतल्या वनस्पतींचे प्रकार मोजा. हे दहा आकडे कागदावर घेऊन तात्यांकडं जा. उपदेशाने माणूस चिडतो, आकडे तो स्वतः पुन्हा मोजायला येतो.

हरभऱ्यात घाटेअळीसाठी एकरी २० पक्षीथांबे, म्हणजे पाखरांना बसायला काठ्या, लावायची शिफारस आहे. ते लावा आणि थांब्यावर कोण बसतं ते वहीत मोजा: कोतवाल, साळुंकी, वेडा राघू. कठडा नसलेल्या विहिरीत खोकड, ससे, साप पडून मरतात. कठडा होईपर्यंत काठाला काटेरी कुंपण घाला आणि आत एक जाड दोरखंड किंवा गाठी मारलेली शिडी सोडून ठेवा. नवीन झाडं लावायची तर जवळच्याच धुऱ्यावरचं बी गोळा करून बोर, हिवर, आपटा, पळस लावा. नुसतं गवत असलेल्या माळावर मात्र खड्डे घेऊन झाडं लावू नका. चंडोल, धाविक, तित्तर या पाखरांना उघडा माळच लागतो, आणि तो ओसाड आहे हा आपला गैरसमज आहे.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार व्हायला हवी. ग्रामसभेत ती बघायला मागा. अनेकदा ती कपाटात असते आणि तिच्यात गावचं फार थोडं असतं. तुमच्या वहीतल्या याद्या, नकाशा, भाज्यांची नावं समितीला लेखी द्या आणि पोच घ्या. जखमी प्राणी दिसला किंवा शिकार होताना कळली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पुढच्या येळवशीला आंबिल पिऊन झालं की पहिल्या दिवसाचा नकाशा काढा, त्यावर पारदर्शक कागद ठेवा आणि पुन्हा शंभर पावलं चाला. जे आहे त्यावर टिंब, जे गेलं त्यावर फुली, जे नवीन आलं त्याभोवती गोल. ‘झु-४’ ला एव्हाना नाव मिळालेलं असेल, ते लिहा. धुऱ्याची रुंदी दर दहा पावलांवर टेपने मोजा आणि कागदाच्या कडेला मांडा. मग तो कागद घेऊन कोपीत जा, शेजारच्या तात्यांनाही तिथं बोलवा, आणि दोघं मिळून बघा.